तिसरी पायरी

ट्रॉम्बेच्या टेकडीवर रात्रपाळी माझी.
'मचवा' अजून बावीस मिनिटं लांब:
मी विचारते, चहा निवतो,
दुसरा ओतते, तेव्हा उत्तर येतं.

सात वर्षं हे असंच,
म्हणून माणसं मला आवाजानं पाठ.
फ्रेनी दुबाश बोलण्याआधी नाक ओढते.
परकार आकडे वाचताना सत्तावनला अडखळतो,
दर वेळी,
आणि दर वेळी स्वतःलाच शिवी घालतो.
सुकाणूवरचा जनू तांडेल खालच्याच कोळीवाड्यातला.
त्याला विचारायचं एकच,
आज पाणी कुठवर?

तिकडे चंद्र नाही, किनारा नाही.
तरी बोटांवर तिथी मोजून सांगायचा,
"भांगाचा पानी. तिसरी पायरी सुकीच ऱ्हायल."
सकाळी घरी जाताना मी धक्क्यावर वाकून बघायचे.
सुकीच असायची.
एकदा ओली निघाली,
महिनाभर चिडवलं त्याला.

अष्टमीपासून फ्रेनी नाक ओढत नाही.
परकारचं सत्तावन बिनचूक येतं.
नोंदवहीत मी लिहिलं, प्रकृती उत्तम.
मग खोडलं.

जनूला विचारलं.
"तीन पूर्णांक दोन मीटर,
सकाळी सहा वाजून सोळा मिनिटांनी."
'मिनिटांनी'तला णी नसतो, तरी मला ऐकू आला,
इतकं घासूनपुसून बोलत होता.

परवा ब्लेझ मिस्किटा कुजबुजला,
बहुतेक सामानाच्या खोलीतून:
"भांडण नाय, काय नाय. आपल्या वाटचं पानीपण मला देतात.
रात्री तिघं एकदम कूस बदलतात.
बाय, दार उघडू नको."
काल तोही बोलला. कुजबुजत नव्हता.
म्हणाला, माझा गैरसमज झाला होता.

आमच्या सावंतवाडीकडे अंगात येतं त्याची रीत असते.
आत्याच्या यायचं. केस सुटायचे,
म्हातारे पुढे सरून विचारायचे,
कोण आलंय? काय हवं?
झाडाला त्रास देऊ नको.
आलेलं नाव सांगायचं,
नारळ मागायचं, कोंबडं मागायचं,
मिळालं की जायचं.

हे काहीच मागत नाही.
कोण आलंय, मी तीनदा विचारलं.
तीन चहा निवले.
जनार्दन हरी तांडेल.
जनार्दन हरी तांडेल.
तिसऱ्यांदा जरा थांबून,
जणू मला वाईट वाटू नये म्हणून,
जनार्दन हरी तांडेल.

त्याच्या आईला वर बोलावलं, लखमायला.
कानाला यंत्र लावून तिनं सगळं ऐकलं,
बोटांना सुक्या बोंबलाचा वास.
"आवाज त्याचाच. त्यो नाय."
मी म्हटलं, झाड त्याचं आहे, आत दुसरं कुणी.
मग उतरू द्यायचं का त्यांना?
ती पदराला हात पुसत राहिली.
"झार तं माजाच हाय ना?"
आणि खाली निघून गेली.

परवानगीच्या कागदावर सही माझी लागते.
सहीआधी शेवटचं विचारलं, पाणी कुठवर?

बावीस मिनिटं.

"भांगाचा पानी."
आवाज फाटका, खोकला मधेच, अगदी जनूचा.
"तिसरी पायरी सुकीच ऱ्हायल."

आज अमावास्या. आज उधाण.
जनू अमावास्येला भांग म्हणणार नाही, झोपेतसुद्धा.
पण जनू चुकलाय एकदा.
आणि हेच वाक्य, न आणि ऱ्ह सकट,
गेल्या आठवड्यात मी अहवालात वाचून दाखवलं होतं,
माणूस कसा ओळखावा या कलमाखाली,
याच तरंगावरून.

रात्रीचा एक वाजतोय.
खिडकीतून धक्का दिसतो.
तिसरी पायरी केव्हाच पाण्याखाली,
चौथीवर लखमाय, लुगडं वर खोचून,
हातात डबा.
वर बघतेय.
माझ्याकडे की त्याच्याही वर,
इथून कळत नाही.