तिसऱ्या रात्रीचं पीठ

लेम्पीच्या कार्डावर सगळं आहे.
दोन कप दूध, बोट बुडवून दहा मोजता यावेत
इतकंच कोमट.
एक उकडलेला बटाटा, गाठी मोडून.
यीस्ट, साखर, मीठ, लोणी,
मैदा लागेल तसा.
फक्त मळून झाल्यावर थंडीत किती वेळ ठेवायचं,
नेमक्या त्या आकड्यावर
लोण्याचा डाग पडलाय.
सासूबाई होत्या तेव्हा विचारायचं राहून गेलं.
आता बावीस वर्षं तो आकडा
मी अंदाजाने भरते.

मंगळवारी मळलं.
ओट्यावर आपटलं, दुमडलं, पुन्हा आपटलं,
कानाच्या पाळीसारखं मऊ लागेस्तोवर.
वर ताटली झाकून फ्रिजमध्ये सारलं,
टर्कीच्या पायाशी.
गुरुवारी बारा माणसं जेवायला.
आधी करून ठेवणं म्हणजे तरी काय,
येणाऱ्या दिवसाच्या हातावर
थोडी चिरीमिरी ठेवणं.

बुधवारी सुपीरियर सरोवरावरून बर्फ आला.
साडेचारला काउंटीचा फोन.
रेइनोने बूट चढवले, थर्मास काखेत मारला,
"जेवायला येतो" म्हणाला.
कुठल्या जेवणाला, ते नाही म्हणाला.

गुरुवारी दुपारपर्यंत बारा जणांचे
बारा फोन येऊन गेले.
एल्मा तर रडलीच, तिच्या दारापुढे
छातीएवढा ढीग.
मी मांडलेल्या खुर्च्या तशाच ठेवल्या.
उचलायच्या तर मोजाव्या लागतात.

फ्रिज उघडला तर पीठ
ताटली डोक्यावर घेऊन बाहेर डोकावतंय.
मुठीने खाली बसवलं.
हुश्श म्हणालं.
शुक्रवारी सकाळी पुन्हा वर.
मला वाटायचं थंडीत ते झोपतं.
झोपत नाही.
नुसतं हळू बोलतं.

ओट्यावरचा वायरलेस मधूनमधून खरखरतो,
त्यात त्याचा आवाज:
खाणीकडचा रस्ता मोकळा, मागे वळतोय.
तासाभराने: खाणीकडचा रस्ता
पुन्हा बुजला.
एवढंच. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीही
तो याहून फार बोलत नसे.

शुक्रवारी रात्री ताटली काढली
आणि बिअरचा वास आला.
आता नाही तर कचऱ्यात.
अंड्याएवढे चोवीस गोळे केले,
कडेला कडा लावून बसवले,
फुगायला दीड तास,
मग भट्टी.
रात्री एक वाजता रिकाम्या घरात
असा घमघमाट की मलाच
कुणी बोलावल्यासारखं झालं.

वळणावर पिवळा दिवा फिरताना दिसला.
गाऊनवर त्याचाच जुना कोट,
हातात टॉवेलखाली ट्रे,
गुडघाभर बर्फात उभी राहिले.
नांगर थांबला. काच खाली आली.
"कोण गेलं?" त्याने विचारलं.
कोणी नाही. रोल आहेत.

हातमोजे काढून त्याने सहा खाल्ले.
वाफ चष्म्यावर, लोणी दाढीत,
इंजिन चालूच.
"आईच्याहून आंबट झालेत," म्हणाला,
आणि सातवा घेतला.
आठ पिशवीत घातले, गॅरेजातल्या पोरांसाठी.
मग गिअर टाकला, पातं खाली सोडलं,
आणि मी संध्याकाळभर फावड्याने
उपसलेल्या आमच्या वाटेवर
रस्त्याचा सगळा बर्फ
लोटून गेला.

मी तिथेच उभी. हसू की ओरडू.
ट्रेमध्ये नऊ उरले होते, वरून भुरभुर.

आत येऊन कार्ड काढलं.
पेन्सिल शोधली.
डागावर लिहायला गेले:
तीन रात्री. चौथी नको.
लोण्यावर पेन्सिल उमटेना.