रिकाम्या टाकीला जेवण

माझ्या नवऱ्याने जुलैभर
एका रिकाम्या टाकीला जेवू घातलं.
मासा एकही नाही.
हजार लिटर पाणी, खडी भरलेला वाफा,
आणि एक पंप,
रात्रभर शेडमध्ये म्हाताऱ्या कुत्र्यासारखा धापा टाकणारा.

सकाळी ऑल्विन अमोनियाची बाटली हलवायचा,
फेस येत नाही ना, बघायचा,
फेस आला म्हणजे आत साबण, म्हणजे सगळंच मुसळ केरात,
मग झाकणाने मोजून ओतायचा.
"कोणासाठी?" मी विचारलं.
"अजून आले नाहीत," तो म्हणाला.

बत्तीस वर्षं त्याने भट्टीपाशी काढली.
लोखंड पिकलं की रंगावरून ओळखायचा.
आता हातात बोटाएवढी काचेची नळी,
तीत आठ थेंब,
आणि थेंबांचा रंग हिरवा.
पिवळा व्हायला हवा होता.

आमचं पाणी लांबून येतं.
मरे नावाच्या नदीतून उपसलेलं,
साडेतीनशे किलोमीटर पाइपातून,
लाल माती आणि खारट झुडपं ओलांडून व्हायालापर्यंत.
वाटेत काही जगू नये म्हणून त्यात औषध घालतात.
औषध चोख आहे.
नऊ दिवस तोच हिरवा.

मी म्हटलं, साल्वूकडे चार वर्षांची टाकी आहे.
तो पंप पुसत राहिला.
साल्वू आमच्यापासून तिसऱ्या घरात.
युनियनच्या मतदानात एकाने हात वर केला होता,
दुसऱ्याने नाही.
कोणी केला, मी विसरले.
ते दोघे विसरले नव्हते. अकरा वर्षं
कचऱ्याचे डबे वेगवेगळ्या वेळी बाहेर काढत होते.

शेवटी मीच गेले.
विरजण मागायला जावं तशी,
फक्त वाटीऐवजी बादली.
साल्वूने न बोलता तळाची खडी भरून दिली,
काळपट, बुळबुळीत,
ओल्या गोणपाटाच्या वासाची.

आणि माझ्या नवऱ्याने,
माझ्या नीटनेटक्या नवऱ्याने,
ती नळाखाली धुतली.
तीन पाण्यांनी. खडा न खडा लख्ख.
"केवढी घाण होती," म्हणाला,
आणि हात पुसले.

पुढचे पाच दिवस हिरवे.

सहाव्या संध्याकाळी तो दाढी करून निघाला,
रिकामी बादली घेऊन.
साल्वूच्या फाटकापाशी चार मिनिटं उभा होता,
मी खिडकीतून मोजली.
काय बोलला, ऐकू आलं नाही.
साल्वूचं मात्र आलं, अख्ख्या गल्लीला:
"धुतलीस? नळाखाली?"

मग दोघे आले,
बादलीवर ओलं फडकं, दोन्ही बाजूंनी धरलेली.
"यात दोन पाळ्या आहेत," साल्वू म्हणाला,
"पहिली अमोनिया खाते, नायट्राइट करून ठेवते.
दुसरी ते नायट्राइट उचलते.
दुसरी पाळी नेहमी उशिरा येते.
शिव्या देऊ नकोस तिला."

त्या महिन्यात खाडीत कटलफिश येतात, जोडीने,
अंगावरचे रंग पालटत.
ते बघायला लोक दुरून येतात, थंडीत पाण्यात उतरतात.
आमच्या शेडमध्ये दोन म्हातारे
उलट्या क्रेटवर बसून नळी बल्बसमोर धरत.
"जांभळा." "वाइनचा." "जांभळाच, चष्मा लाव."
टाकीत हीटर, दोघांच्या पायांवर घोंगडी,
आणि दुसरी पाळी
तीन आठवडे उशिरा.

आली तेव्हा मी एकटी होते.
ऑल्विन झोपलेला. मी सहज आठ थेंब टाकले
त्याच्यासारखे मोजून.
निळा. अगदी फिका,
धुऊन धुऊन विटलेल्या शर्टाचा असतो तसा.
त्याला उठवलं नाही.
थोडा वेळ पाण्यात हात घालून बसले.
काही हाताला लागलं नाही, खडा जरासा निसरडा होता इतकंच.

शनिवारी मासे येतील, सिल्व्हर पर्च.
साल्वू म्हणतो दहा,
ऑल्विन म्हणतो पंधरा.
आज सकाळी त्यावरून दोघांचं कडाक्याचं वाजलं.
मी त्यांची बादली उचलली,
धुवायला नळाखाली धरली,
आणि तशीच शेडमध्ये नेऊन ठेवली.