टिपण

साडेआठला उजाडतं, तेही मन लावून नाही.
वॉटी टर्नबुल कुंपणाच्या पायऱ्या उतरतो
शिडी उतरावी तसा, पाठमोरा,
एका हाताने छातीवरचा कॅमेरा सांभाळत,
नुकतंच न्हाऊ घातलेलं मूल धरावं तसा.
मी खाली उभी. हात पुढे करत नाही.
मागच्या शनिवारी केला होता,
तर दिवसभर बोलला नव्हता.

एकतीस वर्षं या टेकड्यांवर त्याने हरणं टिपली,
इस्टेटीच्या पगारावर, बंदुकीने.
कळप वाढले की कोवळी झाडं सोलून खातात,
कुणीतरी करायलाच हवं ते काम,
आणि करायचं तर एका गोळीत, असं तो म्हणे.
आता उजव्या हाताला कंप आहे.
बंदूक विकली, त्याच पैशात ही लांब नळीची लेन्स आली,
आणि ग्रिझेल म्हणाली,
नेम तोच, फक्त आता घरी मटण येत नाही.

ओढ्यावर बर्फाची साय.
गेटच्या खांबावर पडलेला माझ्या बिस्किटाचा चुरा
तांबड्या छातीचा रॉबिन टिपून जातो,
आमची परवानगी गृहीत धरून.
वॉटी बोट चाटून हवेत धरतो.
वारा पाठीमागून. म्हणजे वळसा,
अर्धा मैल जास्तीचा, सलगमच्या शेताच्या कडेकडेने,
जिथे चिखल गोठून दगड झालाय
आणि ट्रॅक्टर केव्हाचा गेला तरी
त्याची चाकं अजून तिथेच आहेत.

आणि तिथे, तारेच्या पलीकडे, रो हरणं.
उन्हाळ्यातला तांबूसपणा उतरून
ओल्या सालीच्या रंगाची झालेली.
मी बघते तेव्हा नुसती झुडपं दिसतात.
तो कुजबुजतो, तिसऱ्या खांबाच्या डावीकडे,
आणि झुडपांना कान फुटतात.
चार माद्या. एक नर,
शिंगं अजून मखमलीत, न सोललेल्या शेंगांसारखी.

वॉटी गुडघ्यावर बसतो. कोपर मांडीवर रोवतो.
श्वास घेतो, अर्धा सोडतो, अर्धा ठेवतो.
हे मी लहानपणी पाहिलं होतं, याच बांधावरून,
आणि कानांत बोटं घातली होती.
आताही घालते. हसू येतं, पण काढत नाही.

कंप थांबतो.
थांबतो म्हणजे खरंच थांबतो,
किरकिरं मूल चाहूल लागून गप्प व्हावं तसा.

एक मादी मान वर करते. तोंडात आयव्हीचा वेल,
एक पान बाहेर, हलतं.
ती बघते. तो बघतो.
आवाज होत नाही.
अजून होत नाही.
मग नर भुंकतो, कुत्र्यासारखा, खरखरीत,
आणि पाच पांढरे ठिपके, पाच ढुंगणं,
उड्या मारत उताराला विरतात.
त्यातच कधीतरी एक क्लिक, उशिराचा,
दार लागून गेल्यावर म्हटलेल्या
"बरं, ये" सारखा.

मिळालं का, मी विचारते.
तो हातमोज्याने डोळा टिपतो.
वारा, म्हणतो.
खरं आहे. आता तो समोरून आहे.

स्वयंपाकघरात ग्रिझेल चहा ओतते.
वॉटी वही काढतो, तीच, हिरव्या पुठ्ठ्याची:
तारीख, जागा, नर, मादी, वजन.
वजनाच्या रकान्यात हल्ली तो आडवी रेघ मारतो.
एकूण पाच.
मग संगणकावर फोटो मोठा होतो:
धूसर ढुंगणं आणि निम्मं कुंपण.
फेकून दे, तो म्हणतो.
ग्रिझेल चष्मा चढवते.
आणि हे कोण, विचारते.

खाली डाव्या कोपऱ्यात, काटेरी जाळीत,
गेल्या उन्हाळ्यातलं पिल्लू.
बसलेलं. पळालंच नाही.
सरळ आमच्याकडे बघतंय.

वॉटी पाचाचा सहा करतो.
त्या वहीत खाडाखोड मी कधी पाहिली नव्हती.
पेन तो खाली ठेवत नाही.
एक पान मागे जातो. मग आणखी एक.
ग्रिझेल त्याच्या कपावर बशी झाकते.