चौसष्टावा दात

सलमाबादच्या शेडमध्ये आम्ही पंपांचे गिअर कापतो,
क्रेनचे, ड्रेजरचे, एकदा उसाच्या चरकाचा;
परातीएवढी चाकं, तेलात न्हालेली.
तिथे शमसाबाई आल्या. टेलिफोन ऑपरेटर, आता रिटायर.
रुमाल सोडून बत्ताशाएवढं पितळेचं चाक
कुरुविलाच्या टेबलावर ठेवलं.
तो म्हणाला, सहा दिनारात नवं घड्याळ येतं, अम्मा.
नवं मागितलंय का मी?
मग माझ्याकडे वळून, हिंदीत:
बापानं मुंबईत घेतलेलं, रुपये मोजून,
तेव्हा इथेही रुपयाच चालायचा.
'प' नाही त्यांच्या जिभेवर.
पोवारचा मी बोवार झालो
आणि हो म्हणून बसलो.

उरलेले दात मोजले: एक्केचाळीस.
पुढे नुसती हिरडी.
किती होते हे चाक स्वतः सांगत नाही,
शेजारच्यांना विचारावं लागतं.
रात्री खोलीवर, वरच्या बंकवर,
बिस्किटाच्या पुड्यामागे हिशोब मांडला:
शेजारचं चाक साठाचं, पिनियन आठाचा,
म्हणजे साडेसात.
तीन अडीच साडेसात!
शाळेतली अडीचकी गुरव मास्तरांच्या छडीसकट आठवली.
तासाची मिनिटं व्हायला हवीत साठ,
साठात साडेसात आठ वेळा,
आठी आठी चौसष्ट.
साडेसातीच होती, पण सुटली.
खालून नियाझ झोपेत म्हणाला, लाइट.

आमचे कटर घड्याळाला चालत नाहीत.
त्याचा दात कमरेत सरळ, वर चाफ्याच्या कळीसारखा.
मोडक्या ड्रिलचा दांडा भिंगाखाली घासून
एका धारेचा कटर केला. तीन शुक्रवार.
पितळ कोरडंच कापायचं.
चोवीस भोकांचं वर्तुळ,
दर दाताला पंधरा भोकं पुढे.
पहिल्याला मी एक म्हणत नाही,
जोंधळा मापणारे म्हणतात तसं, लाभ.
लाभ, दोन, तीन,
कीस उडतो, भुवयांत बसतो.
सदतिसाव्याला फोन वाजला.
गॅसवाला आलाय, पुस्तक कुठे ठेवलंय?
कपाटात, वरती.
अडतीस.

चूक होते तिथं कुणी ओरडत नाही.
दात आपले सरळ चेहऱ्यानं उभे राहत जातात.
शेवटी, चाक मिटताना,
चौसष्टावा केसभर बारीक निघाला.
कुरुविला म्हणाला, कोण बघतंय?
म्हटलं, पिनियन बघेल,
दर तासाला एकदा.

दुसरं चाक. फोन बंद.

मुहर्रकला त्यांच्या घरी, पुढच्या शुक्रवारी,
सगळं जागेवर बसवलं, लंबक अडकवला.
किती वाजता लावू?
थांब, त्या म्हणाल्या. सूर्य बुडू दे.
बापाच्या घरात सूर्य बुडाला की बारा.
रोज संध्याकाळी काटे सरकवायचे,
कधी मिनिटभर पुढे, कधी मागे.
मी पान्याकडे बघत राहिलो.
रोजच सरकवायचे, तर मी त्या केसासाठी
अख्खं चाक टाकून दिलं?
सरकवायला आधी चालायला नको का, त्या म्हणाल्या,
आणि खजुराची बशी पुढे केली.

अजान झाली. त्यांनी स्टुलावर चढून
दोन्ही काटे एकावर एक आणले.
माझ्या मोबाइलवर पाच वाजून नऊ.
घरी सात एकोणचाळीस, भाकऱ्या झाल्या असतील.
एका खोलीत तीन वेळा,
आणि टिकटिक एकच.
नवा दात जुन्याला लागतोय, सांगितलं,
आठ-दहा दिवस कुरकुरेल.
करू दे, त्या म्हणाल्या, घरात आवाज नाहीच कसला.

बिघडलेलं चाक मी किल्ल्यांना लावलंय.
बासष्ट धड, एक जाड, एक बारीक.
कंपनीच्या बसमध्ये अंगठ्यानं मोजत जातो,
लाभ, दोन, तीन,
सित्राच्या सिग्नलला कुणीतरी हाक मारतं
आणि पुन्हा लाभ.