पडायचं कसं

दिंडोरीच्या वायनरीत, बुचं लावायच्या पट्ट्यापाशी,
एत्तोरेनं मोबाइल माझ्यापुढं धरला:
त्याचं गाव, फेब्रुवारीची थंडी,
घोडागाड्यांवरची माणसं आणि रस्त्यावरची माणसं
एकमेकांना संत्री फेकून मारतायत.
तीन दिवस. दरवर्षी.
एकाचा डोळा काळानिळा, तरी हसतोय.
रस्त्यात घोटाभर लगदा.
"कुणा जुलमी सरदारावर उठले होते म्हणे.
खरंखोटं संत्र्यांना ठाऊक."
आणि ज्याला मार नकोय
त्यानं लाल टोपी घालायची. बस्स.

मी विचारलं, तुमच्याकडं सांग्रो नावाची नदी आहे ना?
तो बघतच राहिला.
माझा पणजा, काशिराम भोये, तिथं खेचरं हाकायचा.
सुरगाण्याचा माणूस,
समुद्र पाहिला तोच बोटीवरून.
त्याची टोपी चिखलाच्या रंगाची होती.
खेचरांना तर तीही नव्हती.

बाप सांगतो, परत आला
आणि पहिल्याच बोहाड्याला
म्हैसासुराचं सोंग मागून घेतलं.
ते कुणाला नको असायचं.
उंबराचं लाकूड, मानेला रग लागते,
वर शेवटी मरायचं.
आधीचे म्हैसासुर झोकात मरत:
तीन गिरक्या, आरोळी, धाडकन,
पोरांच्या शिट्ट्या.

काशिराम तसा पडला नाही.
देवीची पत्र्याची तलवार खांद्याला टेकली,
सांबळ टिपेला,
आणि तो नुसता थांबला.
एक हात मागं नेला, लगाम चाचपल्यासारखा.
मग गुडघे टेकले. मग कुशीवर,
गवतात काही सांडलंय
ते शोधायला वाकावं, तसा.
सांबळवाल्याचा ठेका चुकला.
टेंभे खाली आले.
देवी झालेला धाकल्या गावित
मुखवट्याआडून पुटपुटला, "दादा, ऊठ."

पुढं सव्वीस वर्षं म्हैसासुर तोच.
दर चैत्रात तसाच पडायचा, घाई नाही.
इटलीचं कुणी विचारलं तर म्हणायचा,
"खेचरं चांगली होती."

एत्तोरेनं मोबाइल खिशात घातला.
"आता कोण घालतं ते तोंड?"
माझा भाऊ, म्हटलं. रोहिदास.
तो तीन गिरक्या घेतो, ओरडतो,
धाडकन पडतो, धूळ उडते,
शिट्ट्या थांबतच नाहीत.
म्हातारे म्हणतात, पोराला पडता येत नाही.

न येवो.
पट्टा सुरू झाला. बाटल्या
एकमेकींना टेकत, किणकिणत
पुढं निघाल्या.