उसनी पिसं

बस्त्यांवने ती तांदळाच्या गोणीत आणली.
मानशीच्या खांबाला तंगुसात लटकली होती म्हणे, भरतीपासून.
गोणी पायरीवर ठेवून तो उभा राहिला,
आत न येता, जातही नव्हता.
तंगूस कुणाचा ते मी विचारलं नाही.
त्याच्या अंगठ्याला त्याच हिरव्या रंगाचा
एक तुकडा गुंडाळलेला होता.

ब्राह्मणी घार. डोकं पांढरं, अंग विटेच्या भुकटीचं.
हाड शाबूत आहे, डॉक्टर लविनिया म्हणाली,
काप भरेल. पण उजव्या पंखाची तीन पिसं
मधोमध मोडलीत, छत्रीच्या काड्यांसारखी.
नवी यायला वर्ष जाईल,
तोवर पिंजऱ्यात उरलेलीही झिजवेल.
मग जरा थांबून :
हिला नाव ठेवायचं नाही.
मी मान हलवली.
हिलाही नाही,
बस्त्यांवलाही नाही.

वनखात्याचा माणूस फेरीबोटीने दिवाडीला आला,
वहीत लिहून गेला : नग एक, जिवंत.

मी घड्याळं दुरुस्त करतो. करायचो.
आता मला दुपारी मोकळ्या असतात.
भाताच्या कोठीत आडवी दांडी बांधली, खिडकीला गोणपाट.
तिच्यासमोर बोलायचं नाही,
माणसाच्या आवाजाची सवय लागू द्यायची नाही.
आमच्याकडे सोमवारी मासळी नसते.
पहिल्याच सोमवारी सुलक्षाने अंगणात बसून
जुन्या विळीवर तारले चिरले.
'ब्राह्मणी म्हणे,' ती पुटपुटली, 'वार तेवढा पाळत नाही.'
पुढे मासेमारी बंद झाली, बाजार ओस,
आम्ही सुकं खाल्लं. आणि सकाळी फाटकाला
एक पिशवी लटकलेली असायची,
आत खाडीतली दोन-तीन काळुंद्रं,
अजून ओली.

डॉक्टरकडे एक बिस्किटाचा डबा होता, डांबरगोळ्या घातलेला.
आत दुसऱ्या घारीचे पंख,
चोडणला विजेच्या तारेखाली मेलेली सापडली होती ती.
चौथं पीस चौथ्याला, पाचवं पाचव्याला, सहावं सहाव्याला.
पिसांनाही घरांसारखे नंबर असतात,
हे मला पन्नाशीनंतर कळलं.
बांबूची काडी मी तासली, दिवसभर.
अर्धी मेलेलीच्या देठात,
अर्धी जिवंत असलेलीच्या,
मध्ये थेंबभर डिंक.
डोळ्याला भिंग, हातात तोच चिमटा
ज्याने मी लोकांच्या सासऱ्यांनी दिलेली घड्याळं उघडली.
टॉवेलखाली तिचं काळीज.
इतक्या जलद चालणारं काही
मी आजवर उघडलं नव्हतं.

कोठीत ती या दांडीवरून त्या दांडीवर गेली.
मग पुन्हा. तिसऱ्या दिवशी
भिंतीला न आपटता वळली.

सोडायला बांधावर गेलो तेव्हा बस्त्यांव आधीच आलेला,
इस्त्रीचा शर्ट घालून, बारशाला आल्यासारखा.
मी हात उघडले.
ती पाण्यावर खाली गेली, फार खाली,
डॉक्टरने माझी बाही धरली,
आणि मग कावळे लागले मागे,
म्हणून असेल, ती चढली.
तिची पिसं कुठली आणि त्या दुसरीची कुठली
हे खालून कळत नव्हतं.
'गेली,' बस्त्यांव म्हणाला,
शेवटची फेरी चुकावी तसं.

हे गेल्या वर्षीचं.
आज तो पुन्हा पायरीशी उभा होता, हातात एक पीस.
मानशीवर पडलं होतं.
मी उजेडात धरलं. देठात सांधा,
सांध्यात बांबूची रेघ.
टोक पार झिजलेलं,
म्हणजे वापरलेलं, भरपूर वापरलेलं.
'हें आतां कोणाचें?' त्याने विचारलं.
मला सांगता येईना. मी म्हटलं, आत ये.
त्याने चपला काढल्या
आणि सवयीनेच पिशवी पुढे केली,
तीन काळुंद्रं.

सोमवार होता.
सुलक्षाने ती घेतली.