नेरे

एस्तेरबाईंच्या ओट्यावर बुधवारी सहा माणसं,
दोन भाषांतली शास्त्रं, चष्मे तीन.
संकेश्वरात कधी लाइट जाईल सांगता येत नाही,
कंदील आधीच पुसून ठेवलेला.
बाईंनी मिशन दवाखान्यात पस्तीस वर्षं जखमा धुतल्या.
वचनही तसंच हाताळतात : घाई नाही, फुंकर नाही,
आधी बघायचं कुठवर खोल गेलंय.

मी मिरचीच्या अडतीवर हिशेब लिहितो.
माझी वही बघण्यासारखी होती.
आज्ञा लाल शाईत, अभिवचनं हिरव्या,
ज्याचा अर्थ लागला नाही ते पेन्सिलीनं.
पेन्सिल फारशी झिजली नव्हती.

त्या बुधवारी शेजाऱ्यावर प्रीती करायची ती ओळ.
मी मराठीतून वाचली, देवदाननं कन्नडमधून.
तो ‘नेरेयव’ म्हणाला तिथं मी अडवलं.
नेरे म्हणजे?
‘जवळचं. शेजार.’
मग डोकं खाजवून, ‘पूर पण. नदी घरात येते ना, ती नेरे.’
मी दोन्ही अर्थ समासात लिहिले, खाली दुहेरी रेघ मारली,
वही जराशी बाईंच्या बाजूला वळवली.
बाईंनी वात कमी केली.
‘छान. तुझ्या शेजारी कोण राहतं रे?’

शिवबसव्वा राहते.
मध्ये वीतभर रुंदीचं गटार,
त्यावरून सात वर्षं अबोला.
नगरपालिकेत दोन अर्ज, माझा मराठीत, तिचा कन्नडमध्ये,
एकाच फायलीत एकमेकांना चिकटून पडलेले.
‘एक म्हातारी राहते,’ मी म्हणालो.
‘नाव असेल तिला.’
नाव सांगितलं.
घोट अडकल्यासारखं निघालं ते.

श्रावण सरता सरता हिरण्यकेशी चढली.
रात्री दोनला मी स्टुलावर उभा,
वह्या माळ्यावर ठेवत होतो, सालवार,
शास्त्र प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सगळ्यात वर.
तेवढ्यात दारावर थापा.
‘नेरी बंत्री! एळ्री, नेरी बंत्री!’
तिच्या जिभेवर नेरेची नेरी होते.
पूर आला, असं ती ओरडत होती.
दार उघडलं तर गुडघाभर पाण्यात ती उभी,
पदर खोचलेला, खांद्यावर शेळीचं पिल्लू.
माझ्याकडे बघितलंही नाही.
‘अव्वा एल्ली?’

आई आतल्या खोलीत.
आईला ऐकू येत नाही.
खाट उंच आहे, वह्या झाल्या की तिला उठवू,
असं मी मनाशी धरलं होतं.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही, इथंच लिहितोय.
हातातल्या तीन वह्या पाण्यात पडल्या.
पिल्लू माझ्या अंगावर टाकून
शिवबसव्वानं आईला पाठुंगळी घेतलं,
साठीची बाई, सत्तरीची बाई,
आणि मी मागून बॅटरी धरून चालत होतो.

शाळेच्या वरच्या मजल्यावर तिसरी ‘ब’चा वर्ग.
तिनं डब्यातली भाकरी मोडली,
चटणी आमच्याच अडतीवरच्या मिरचीची, वासावरून ओळखली.
आईच्या तोंडाला पाणी लावलं, मग मला म्हणाली,
‘तीन्री.’
खा, एवढंच.
मी खाल्ली. डोळ्यात पाणी आलं,
मिरचीचं म्हणून खपून गेलं.

पुढच्या बुधवारी बाईंचा ओटा गाळानं भरलेला,
आम्ही उलट्या बादल्यांवर बसलो.
माझी वही वाळून फुगली होती.
लाल हिरव्यात उतरलेलं, हिरवं लालात,
आज्ञा कुठली, अभिवचन कुठलं, कळेना.
पेन्सिलीचं तेवढं जसंच्या तसं.
‘काय समजलं?’ बाईंनी विचारलं.
‘सगळंच पेन्सिलीनं लिहायला हवं होतं.’
बाई हसल्या नाहीत. ‘मग आता गटार?’

गटार अजून तुंबतं.
सकाळी अडतीवर जायच्या आधी मी काठी घेऊन
दोन्ही बाजूंचं काढतो.
तिची बाजू कुठं संपते ते आता पटकन सांगता येत नाही.
पण एक राहिलंय.
सात वर्षांत तिच्या अर्जात काय लिहिलंय
ते मी वाचलंच नव्हतं.
देवदानला म्हटलंय, त्याची एक नक्कल मिळव,
आणि हळू वाच.
एका बसणीला एकच ओळ.